बँकेमागची पाण्याची भिंत

४ एप्रिल

परत नळ उघडा! सकाळी सात वाजता बाथरूममध्ये कोणी नाही, बादली भरून वाहतेय, आणि हे दाराबाहेर स्टूल टाकून पेपर वाचताहेत. म्हटलं, "अहो, तेहतीस वर्षं अख्ख्या शहराची कारंजी सांभाळलीत, घरातला एक नळ सांभाळता येत नाही?" "अं? राहिला वाटतं." बंद केला. माझी पाठ वळली की पुन्हा सुरू.

रिटायर होऊन चार दिवस झाले. चार दिवसांत चारदा नळ, दोनदा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन, आणि टेबलफॅन रात्रभर भिंतीकडे तोंड करून. विचारलं, भिंतीला उकडतंय का? हसले नाहीत.

५ एप्रिल

वेताच्या दोन खुर्च्या आहेत आपल्या गॅलरीत. मी हॉस्पिटलातून रिटायर झाले तेव्हाच, दोन वर्षांपूर्वी, घेऊन ठेवल्या. एकतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. "नमस्कार, कोणता विभाग हवाय?" हे वाक्य दिवसाला तीनशे वेळा. लोक माझ्यावर ओरडत, रडत, मधेच फोन ठेवून देत. तेव्हापासून मनात एकच होतं — हे घरी बसायला लागले की संध्याकाळी दोघांनी गॅलरीत बसायचं. चहा घ्यायचा. बोललो तर बोललो, नाही तर नुसतं बसायचं. शांत.

माझी खुर्ची दोन वर्षांत खोलगट झाली. यांच्या खुर्चीवर टॉवेल वाळतात. आज टॉवेल काढले, खुर्ची पुसली, चहा मांडला. आले, बसले. सहा मिनिटं! घड्याळ बघायची जुनी खोड. मग उठले नि म्हणाले, "चल, कारंजं बघून येऊ."

तेहतीस वर्षांत एकदाही "चल" म्हणाले नव्हते. यांची कारंजी म्हणजे पहाटे रिकाम्या टाकीत उतरून शेवाळ खरवडणं आणि पँटला कायमचा ओला वास. मी साडी बदलली सुद्धा नाही, चपला घातल्या नि निघाले.

मोठ्या चौकातलं बघितलं. गोल हौद, चोवीस तोट्या, मधली धार चार मजली इमारतीएवढी वर जाते. वारा आला की पलीकडच्या फुटपाथपर्यंत तुषार. माझा चष्मा पार धुऊन निघाला. इतकी वर्षं बसच्या खिडकीतून बघितलेलं, पण खाली उभं राहिल्यावर काय गार वाटतं! यांचं लक्ष सातव्या तोटीकडे. "क्षार धरलाय. माझ्या जागी आलेल्या नव्या मॅडमना सांगायला हवं." दहा मिनिटांत निघायची घाई. का, तर म्हणे पाणी नुसतं वर जातं, पडताना भुसभुशीत पडतं.

पडताना पाणी भुसभुशीत! नवीनच ऐकलं.

९ एप्रिल

लेकीचा फोन. "आई, बाबांचं कसं चाललंय?" म्हटलं, रोज संध्याकाळी मला फिरायला नेतात.  तर ती, "बाबा? आपले?"

आज जुन्या बाजारातला दगडी सिंह. त्याच्या तोंडातून करंगळीएवढी धार, खाली वाटीसारखं कुंड, दोन चिमण्या. मला हे सगळ्यात आवडलं. पायरीवर बसले, पाय कुंडाच्या गार कडेला टेकवले. कितीतरी दिवसांनी वाटलं, आता कुठे जायचं नाही. आणि हे? उभे, फेऱ्या, पुन्हा उभे. कानामागे खाजवत होते. "डास आहेत का हो?" तर म्हणाले, "चल गं, इथे काही नाही."

मला वाटत होतं, सगळं काही तिथेच आहे.

१३ एप्रिल

बागेतलं संगीत कारंजं. शनिवार-रविवारीच असतं. लाऊडस्पीकर असा की छातीत धडधडतं. यांना लग्नाच्या बँडचासुद्धा त्रास होतो, पण आज पहिला खेळ संपला तर म्हणतात, दुसराही बघू. दोन्ही खेळ डोळे मिटून ऐकले. डोळे मिटून कारंजं कोण बघतं?

माझं डोकं दुखतंय.

१७ एप्रिल

आजचं लिहून ठेवते, नाही तर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

नवीन मॉलसमोरच्या फरशीतून पाणी उडतं. हौद नाही, कठडा नाही, जमिनीतून अचानक धार. कुठून येईल सांगता येत नाही. पोरं किंचाळत पळत होती. मी कडेला उभी, पर्स पोटाशी धरून. हे म्हणाले, "क्रम ठरलेला असतो. मीच लावलाय. मधली, मग कोपऱ्यातल्या चार, मग तीन सेकंद काही नाही. त्या तीन सेकंदांत पलीकडे जाता येतं." म्हटलं, जाऊ? "जा."

चपला काढल्या, पर्स यांच्या हातात दिली आणि निघाले. अठ्ठावन्न वर्षांची बाई! मधली उडाली, कोपऱ्यातल्या उडाल्या, मी मोजलं एक — दोन — आणि पायाखालून धार! थेट पदरातून वर. पोरं टाळ्या वाजवायला लागली. मागे बघितलं तर हे पर्स छातीशी धरून इतके हसत होते की डोळे पुसावे लागले. "अगं, क्रम बदललेला दिसतोय!"

ओल्या साडीनं बसमध्ये उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, "मावशी, पाऊस कुठे लागला?" हे खिडकीकडे तोंड करून पुन्हा हसले. लग्न झाल्यावर सुरुवातीला असे हसायचे.

मुद्दाम चुकीचा क्रम सांगितला असेल का? असेल तरी चालेल.

२१ एप्रिल

बँकेच्या मोठ्या इमारतीमागे एक भिंत आहे. करडा दगड, दोन मजले उंच, वरून सगळ्या रुंदीनं पाणी कोसळतं. शोभा म्हणावी तर काही नाही. दिवे नाहीत, झाडं नाहीत, समोर सिमेंटचं एक बाक आणि बँकेचे जनरेटर. आवाज मात्र असा की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं.

हे दीड तास बसले. हलले नाहीत. खांदे खाली आले, तोंड थोडं उघडं, झोपले वाटतं. मी दोनदा काहीतरी बोलले, त्यांना ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा बोललेच नाही.

२२ एप्रिल

भिंत.

२३ एप्रिल

भिंत. म्हटलं, सिंहाकडे जाऊ. "उद्या बघू."

२६ एप्रिल

रोज भिंत. साडेपाचला चपला घालून दारात उभे. मी नाही म्हटलं तर एकटे जातात. नाही म्हणायला मन होत नाही म्हणून जाते, बाकावर बसते, दीड तास पाण्याकडे बघते. पाणी बघायला वाईट नाही. उन्हाळ्यात तिथे सगळ्या शहरापेक्षा गार असतं, पाठीवरचा घाम सुकतो. पण मी तिथे कोणाबरोबर बसलेय, हेच कळत नाही.

आज मनात आलं ते लिहिते. या शहरात अकरा कारंजी आहेत. त्यांतलं नेमकं ते निवडलंय जिथे बायकोचा आवाज ऐकू येत नाही.

एकतीस वर्षं परक्यांचे आवाज ऐकले मी. माझा आवाज घरच्या माणसाला नको झालाय.

२९ एप्रिल

भिंतीसमोरच्या पायरीवर पाणी सांडतं, शेवाळ धरलंय. आज उठताना माझा पाय सटकला. गुडघ्यावर पडले. फार नाही, खरचटलं. यांनी हात धरून उठवलं, खाली वाकून शेवाळ बोटानं खरवडून बघितलं. मला वाटलं विचारतील, दुखतंय का. म्हणाले, "पन्हळ तुंबलीय."

पन्हळ!

घरी येऊन स्वतःच हळद लावली.

२ मे

केलं. आज दुपारी हे दाढी करायला सलूनमध्ये गेले तेव्हा पालिकेच्या तक्रारीच्या नंबरला फोन लावला.

तिथल्या मुलीनं सात वेळा घंटा वाजू दिली, नमस्कार नाही, नाव नाही, "बोला." आमच्या वेळी असं केलं असतं तर मुख्य बाईंनी उभं केलं असतं. मी मात्र नीट सांगितलं. "नोंद करून घ्या. बँकेमागच्या कारंज्याचं पाणी पायरीवर येतं. शेवाळ आहे. तीन दिवसांपूर्वी एक बाई पडली. कोणाचं हाड मोडायच्या आत बंद करा." नाव विचारलं. माहेरचं सांगितलं. नंबर माझाच दिला, दुसरा कुठून आणू? म्हणाली, नाव गुप्त राहतं.

खोटं काय बोलले? पडले ते खरं, शेवाळ खरं, एक बाई, तेही खरं. तरी फोन ठेवल्यावर हात धुऊन आले.

हे घरी राहावेत. बस, एवढंच हवंय.

५ मे

साडेपाचला गेलो. भिंत कोरडी! दगडावर नुसते पांढरे ओघळ. पट्टी बांधलेली, पाटी टांगलेली. हे पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग आपल्या जुन्या ऑफिसात गेले, मी बाहेर थांबले. पंधरा मिनिटांनी आले.

"काय झालं?" मी विचारलं. माझाच आवाज मला परका वाटला.

"तक्रार आलीय. पायरीवरून कोणी बाई घसरली म्हणे."

"मग आता?"

"पन्हळ साफ करतील, पायरी घासतील, कठडा लावतील. मग तक्रार करणाऱ्यानं जागेवर येऊन बघायचं आणि रजिस्टरमध्ये सही करायची. सही झाल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. मीच घातलेला नियम आहे. पूर्वी लोक काम न करताच झालं म्हणून लिहायचे."

हा नियम मला ठाऊक नव्हता. तेहतीस वर्षांत घरी कधी बोलले नाहीत.

चालता चालता म्हणाले, "फार लागलं नसेल ना तिला?" मी म्हटलं, मला काय माहीत.

६ मे

हे घरी. चहा, गॅलरी, खुर्ची. चोवीस मिनिटं बसले! मी जिंकले असं वाटलं. मग बघितलं, खुर्चीचा दांडा असा घट्ट धरलेला की बोटं पांढरी पडली होती.

७ मे

एकटेच मोठ्या चौकात गेले. लगेच परत. मॉलसमोर गेले. पोरांचा कलकलाट सहन होत नाही म्हणाले.

आज अनोळखी नंबरवरून दोनदा फोन. घेतला नाही.

९ मे

पुन्हा तोच नंबर. तीनदा. मेसेज आला — काम पूर्ण झाले आहे, सहीसाठी जागेवर यावे. खाली नव्या मॅडमचं नाव. म्हणजे मी गेले की त्या मला बघणार, आणि लगेच ओळखणार! अख्ख्या खात्यात बोभाटा होईल. साहेबांच्या बायकोनं साहेबांचंच कारंजं बंद पाडलं.

मेसेज पुसून टाकला. जन्मभर वाजणारा फोन उचलला मी, आणि आता एक नंबर दिसला की उशीखाली सारते.

११ मे

झोप नाही यांना. जेवण अर्धं. लेकीशी बोलताना "हो, हो" एवढंच. तिनं मला वेगळा फोन करून विचारलं, "बाबांना रिटायरमेंट झेपत नाहीये का?" म्हटलं, सवय होईल. सवय होत नाहीये, दिसतंय मला. पण गेले काय आणि सही केली काय, आता तोंड कुठे लपवू?

१२ मे

दुपारी तीनला बाथरूममधून शॉवरचा आवाज. अर्धा तास. हाक मारली, उत्तर नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. ढकललं.

स्टुलावर बसले होते. पूर्ण कपड्यांत, कोरडे. शॉवर समोर नुसता पडत होता आणि हे डोळे मिटून त्याच्याकडे कान करून बसले होते. भिंतीसमोर बसतात तसेच.

मी नळ बंद केला. यांचा चेहरा असा झाला की मी घाबरले. "बंद करू नकोस गं," म्हणाले. कधी विनवणी न करणारा माणूस. मी पुन्हा सुरू केला. तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि म्हटलं, आता सांगा.

सांगितलं. कानात शिट्टी वाजते. कुकरची शिट्टी सुरू व्हावी आणि कधीच संपू नये, तशी. दोन वर्षं झाली. कामावर दिवसभर पंप आणि पाणी, तिथे ऐकू यायची नाही. घरी आलं की सुरू. रिटायर झाल्यापासून चोवीस तास. जितकी शांतता, तितकी मोठी. सिंहाजवळ सगळ्यात वाईट. भिंतीजवळ मात्र पूर्ण बुडते.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू एकतीस वर्षं लोकांची गाऱ्हाणी ऐकलीस. घरी आल्यावर तुला शांतता हवी असायची. आणखी एक गाऱ्हाणं कशाला?"

मग म्हणाले, "गॅलरीत तू शेजारी बसतेस आणि मला शिट्टीशिवाय काही ऐकू येत नाही. भिंतीसमोर मी खरा तुझ्याबरोबर असायचो. दिवसातला तेवढा दीड तास."

मला रडू आलं. शॉवर चालू होता ते बरं.

तरीही सांगितलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं, आणि मी नाही.

१४ मे

कानाचे डॉक्टर. माझ्याच हॉस्पिटलात, ओळखीनं लगेच नंबर लागला. कान तपासले, खोलीत बसवून आवाज ऐकवले. शिट्टी जाणार नाही म्हणाले. पंपांच्या इतक्या वर्षांच्या घरघरीनं झालंय. सोबत राहायला शिकावं लागेल. "पाण्याचा आवाज बरा वाटत असेल तर रोज ऐकत जा, त्याच्यासारखं औषध नाही." हे माझ्याकडे बघून हसले. मी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले.

१५ मे

सकाळी दहाला मीच त्या नंबरला फोन लावला. पहिल्याच घंटेला उचलला. "मॅडम, मी तक्रार करणारी. उद्या साडेपाचला सही करते." त्या म्हणाल्या, "बरं झालं, आम्ही आठवडाभर वाट बघतोय." मी माफी मागितली.

हे पेपर वाचत होते. सांगितलं, "उद्या साडेपाचला मला बँकेमागे जायचंय. तुम्हीही चला." का, ते विचारलं नाही त्यांनी. मीही पुढे बोलले नाही. मनात ठरवलं, सही त्यांच्यासमोर करायची. काय म्हणायचं ते म्हणू देत.

१६ मे

पायरी घासलेली, कठडा नवा. नव्या मॅडमनी रजिस्टर पुढे केलं. माहेरचं नाव लिहिलं, सही केली.  यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही. मॅडम आत चावी फिरवायला गेल्या. तेवढ्यात हे म्हणाले, "तुझ्या माहेरचं नाव मी विसरेन असं वाटलं तुला? पाच तारखेलाच रजिस्टरमध्ये वाचलं." म्हटलं, मग गप्प का राहिलात? सही कर म्हणाला असतात तर काम झालं त्याच दिवशी पाणी सुटलं असतं! कठडा हातानं हलवून बघत म्हणाले, "तू पडली होतीस. मी पन्हळ बघत बसलो. तक्रार खरी होती." आणि मग पाणी आलं.